‘कधीतरी घेतो’ म्हणण्याची किंमत



हाड मोडलेल्या माणसाला दवाखान्यात दाखल करताना डॉक्टर किंवा सिस्टर एक प्रश्न हमखास विचारतात, ‘दारू पिता का?’ याचं उत्तर बहुतेक वेळा पेशंट देतच नाही. थोरला भाऊ देतो, चुलता देतो, नाहीतर मेव्हणा देतो. आणि उत्तरही ठरलेलं असतं. ‘नाही साहेब, कधीतरी. सणावाराला.’ केसपेपरवर तसं लिहिलं जातं आणि विषय तिथंच संपतो. रोज दिवेलागणीला क्वार्टर घेणारा माणूस कागदावर निर्व्यसनी होऊन ऑपरेशनच्या टेबलावर जातो.

माझं आजचं सांगणं या एका शब्दाबद्दल आहे. हाडाच्या ऑपरेशनमध्ये ‘कधीतरी’ हा शब्द आपल्याला फार महाग पडतो आहे. सळई चांगली, डॉक्टर चांगला, पैसाही उभा केलेला, आणि तरीही जखम चिघळते, हाड जुळत नाही, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. याची कारणं अनेक असतात. पण त्यातलं एक कारण घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते फक्त डॉक्टरला ठाऊक नसतं.

तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसानं बियाणं-खताचं बोलावं, हाडांचं कशाला? मी डॉक्टर नाही, हे खरं. कृषी पदविका घेऊन गावोगाव फिरणारा माणूस आहे. पण शेतकरी अपघाताच्या मदतीचे अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयातच येतात. मळणीयंत्रात हात गेला, ट्रॅक्टरवरून पडला, विहिरीत मोटर काढताना पाय घसरला, बाजारावरून येताना मोटारसायकल मोरीला धडकली, असे कागद आमच्या हातातून जातात. पुढे त्या घरी जाणं होतं. माणूस कुबडी घेऊन ओसरीवर बसलेला दिसतो आणि रान पडीक दिसतं. म्हणून हा विषय माझ्या कामाच्या बाहेरचा आहे असं मला वाटत नाही.

तिसऱ्या रात्रीचा गोंधळ

आधी तातडीच्या ऑपरेशनचं पाहू. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. अपघात झाला, दवाखान्यात भरती झाली, की दारू एकदम तुटते. शेवटचा घोट घेतल्यापासून सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, झोप उडते, मळमळतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, आपण कुठे आहोत हे कळत नाही, ताप चढतो, छाती धडधडते. वेळेत उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावूही शकतो.

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या मांडीत सळई टाकली होती. तिसऱ्या रात्री तो उठून बसला. ‘लाईट आली, मोटर चालू करायला जातो’ म्हणाला, हातातली सलाइनची नळी उपटली आणि ऑपरेशन केलेल्या पायावर उभा राहिला. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही लागलं. एक जण अंगारा आणायला गावाकडे निघाला. खरं कारण त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण कागदावर ‘कधीतरी’ असल्यानं डॉक्टरांनी त्या दृष्टीनं आधी तयारी ठेवलेली नव्हती. पाय पुन्हा टेबलावर घ्यावा लागला.

ही गोष्ट टाळण्यासारखी होती. रोजची दारू आहे हे आधी कळलं, तर डॉक्टर पहिल्या दिवसापासून मेंदू शांत ठेवणारी औषधं ठरलेल्या मापानं देतात आणि रोज ती कमी करत आणतात. बी-१ म्हणजे थायामिन हे जीवनसत्त्व देतात, कारण पिणाऱ्याच्या शरीरात त्याची कमतरता असते आणि ते न मिळाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. भूल देणाऱ्या डॉक्टरलाही हे माहीत असावं लागतं. नेहमी पिणाऱ्याला भुलीच्या औषधाचं माप वेगळं लागू शकतं, आणि नुकताच प्यालेला माणूस भुलेत ओकला तर ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

आणखी एक प्रकार वॉर्डात चालतो. पेशंट थरथरतो म्हणून कोणीतरी मायेपोटी चपटी आणून उशाखाली ठेवतो. त्यानं थरथर तेवढ्यापुरती थांबते. पण झोपेचं किंवा तीव्र वेदनेचं औषध चालू असताना वरून दारू गेली, तर श्वास मंदावू शकतो. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनेच्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. साधी पॅरासिटामॉलही रोज पिणाऱ्याच्या यकृताला जड जाऊ शकते. माया करायची असेल तर सिस्टरला जाऊन सांगा, ‘याला रोजची सवय आहे, याचे हात थरथरताहेत.’ ही खरी माया.

कलम बांधल्यासारखंच आहे

आता हाड जुळण्याचं. आंब्याचं कलम बांधणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. काडी नीट बसवली, पट्टी घट्ट बांधली, म्हणून कलम धरत नाही. खुंट जिवंत आणि रसरशीत लागतो, आणि जोड धरेपर्यंत ते हलू द्यायचं नसतं. सळई किंवा प्लेट म्हणजे कलमाची पट्टी. ती हाडाला जागेवर धरून ठेवते, एवढंच तिचं काम. जोड धरायचं काम शरीरानं करायचं असतं.

जास्त दारू नेमकी तिथेच आडवी येते. नवीन हाड घडवणाऱ्या पेशींचं काम ती मंदावते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात, म्हणून जखमेत पू होण्याची शक्यता वाढते. यकृत बिघडलेलं असेल तर रक्त लवकर गोठत नाही आणि प्रथिनं कमी तयार होतात. त्यात पिणारा माणूस जेवत नाही. जेवला तरी वचवच खातो, डाळ-अंडी-दूध पोटात जात नाही. खत नसलेल्या, पाणी तुटलेल्या रानात पीक कसं उभं राहील?

मांडीचं किंवा नडगीचं हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, काही वेळा त्याहून जास्त. एवढे दिवस ठरलेल्या तारखेला दाखवायला जाणं, औषधाचा कोर्स पुरा करणं, सांगितलं तेवढंच वजन पायावर देणं, व्यायाम करणं, हे सगळं पाळावं लागतं. संध्याकाळी प्यालेला माणूस कुबडी विसरतो आणि उंबऱ्यावर पडतो. मग सळई वाकते नाहीतर स्क्रू निघतो, आणि गावात बोलबाला होतो की अमक्या डॉक्टरनं ऑपरेशन बिघडवलं. डॉक्टरची चूक असतही असेल, मी कोणाची वकिली करत नाही. पण दोष देण्याआधी घरानं आपलाही हिशेब पाहावा.

खुब्याचं दुखणं

दुसरा प्रकार अपघाताशिवायचा. तिशी-पस्तिशीतला, पन्नाशीच्या आतला धडधाकट माणूस लंगडायला लागतो. जांघेत दुखतं, मांडी घालून बसता येत नाही. काही महिने तो मालिश करतो, बामची बाटली संपवतो, दुकानातून गोळ्या घेतो. पुढे कळतं की मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आहे आणि गोळा आतून सुकत चालला आहे. वर्षानुवर्षांची जास्त दारू आणि जास्त काळ घेतलेली स्टेरॉइडची औषधं ही अपघाताशिवाय होणाऱ्या या आजाराची दोन मोठी कारणं आहेत. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. लवकर कळलं तर गोळा वाचवायचे उपाय करता येतात. गोळा बसला, म्हणजे चेपला गेला, की खुबा बदलण्यावाचून फारसा इलाज राहत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे ऑपरेशन तारीख घेऊन करायचं असतं. अपघातासारखी घाई नसते. म्हणजे दारू थांबवायला वेळ हातात असतो. आणि न थांबवता नवा खुबा बसवला, तर तो निखळण्याची, त्यात जंतू शिरण्याची, पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याची शक्यता जास्त असते. ज्या कारणानं जुना खुबा गेला, ते कारण तसंच ठेवून नवा बसवायचा, हे वाळवी लागलेल्या मेढीशेजारी दुसरी मेढ रोवण्यासारखं झालं.

एका महिन्याचा फरक

‘आयुष्यभर प्यालो, आता महिनाभर थांबून काय होणार?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याचं उत्तर डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली दिलं. त्यांचा अभ्यास हाडांचा नव्हता, मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनचा होता, हे आधीच सांगतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम मद्यार्क पिणारे ४२ पेशंट त्यांनी घेतले. काहींची दारू ऑपरेशनच्या एक महिना आधी बंद केली, बाकीचे पीत राहिले. पीत राहिलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली. महिनाभर थांबलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. अभ्यास लहान आहे; पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. त्याच देशात १९९१ साली घोट्याच्या हाडाच्या ऑपरेशनवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यातही जास्त पिणाऱ्यांना न पिणाऱ्यांपेक्षा गुंतागुंत बरीच अधिक झाली होती.

६० ग्रॅम म्हणजे किती, तेही आपल्या मापात सांगतो. ज्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, तिची १८० मिलीलिटरची एक क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. रोजची एक क्वार्टर. आपल्याकडे एवढं पिणाऱ्याला कोणी दारुडा म्हणत नाही. ‘कामाचा शीण जातो, रात्रीची थोडी घेतो’ एवढंच म्हणतात. हातभट्टीच्या बाटलीवर तर काहीच लिहिलेलं नसतं.

तारखेच्या ऑपरेशनआधी किमान चार आठवडे, जमल्यास आठ आठवडे दारू बंद असावी, असं जाणकार डॉक्टर सांगतात. आपण बीजप्रक्रिया पेरणीआधी करतो. रोप पिवळं पडल्यावर बुरशीनाशक घेऊन पळत नाही. हे तसंच आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. वर सांगितलेली फिट आणि भ्रम घरीही होऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषध घेऊन बंद करावी.

लपवतो कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण लपवतो का? पहिलं कारण लाज. चारचौघांत, खाटेभोवती पावणेरावळे उभे असताना, ‘माझा नवरा रोज पितो’ असं कोणती बाई सांगेल? आणि डॉक्टरनंही असा प्रश्न चारचौघांत, दरडावून विचारला तर खरं उत्तर येणार नाही. दवाखान्यांना माझी विनंती आहे की हा प्रश्न पावण्यांना बाहेर पाठवून, साखरेचा आजार आहे का असं विचारतात त्याच सुरात विचारावा. व्यसन हाही आजारच आहे.

दुसरं कारण पैसा, आणि इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. अनेकांच्या मनात भीती असते की दारूचं नाव निघालं तर सरकारी मदत बुडेल. ही भीती अगदीच खोटी नाही. २०२३ पासून लागू असलेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत, अमली पदार्थाच्या अंमलाखाली असताना झालेला अपघात बसत नाही. पण योजना काय देते तेही बघा. मृत्यू झाला, किंवा दोन अवयव अथवा दोन डोळे अथवा एक डोळा आणि एक अवयव निकामी झाला, तर दोन लाख. एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाला, तर एक लाख. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, माणूस बरा झाला, याला त्यात मदत नाही. म्हणजे ज्या साध्या मोडलेल्या पायासाठी घर दारू लपवतं, त्या पायाला ती मदत मिळणारच नसते. न मिळणाऱ्या पैशासाठी आपण मिळणारा पाय पणाला लावतो. आणि समजा लपवल्यामुळे पाय कायमचा गेला, तर एक लाख रुपयात पाय विकल्यासारखं झालं. हा व्यवहार कोणत्याही बाजारात तोट्याचाच.

शिवाय, रोज पिण्याची सवय असणं आणि अपघाताच्या वेळी प्यालेला असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सकाळी दहा वाजता मळणीयंत्रात हात गेलेला माणूस शुद्धीत असू शकतो, आणि त्याला रात्री पिण्याची सवयही असू शकते. उपचारासाठी डॉक्टरला सांगितलेली सवय मदत नाकारायला वापरली जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शासनानं तसं चार ओळींत लिहून स्पष्ट करावं. खरं बोलणाऱ्याला भीती वाटेल अशी वाट ठेवायची आणि मग लोक खोटं बोलतात म्हणून ओरडायचं, हे बरोबर नाही.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. ‘दारुड्याच्या ऑपरेशनला पैसा घालायचाच कशाला?’ मला हे मान्य नाही. मोडलेलं हाड बसवलंच पाहिजे. दारू सुटेपर्यंत ते थांबणार नाही. आणि तो पाय त्याच्या एकट्याचा नसतो. त्यावर म्हातारी आई, बायको, शाळेतली पोरं आणि दोन जनावरं उभी असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हाडांची अनेक ऑपरेशनं मोफत होतात. पण बुडालेली मजुरी, विकलेली म्हैस आणि दुसऱ्याला बटाईनं दिलेलं रान कोणत्या योजनेतून भरून येणार? म्हणून ऑपरेशन जरूर करा, पण त्याबरोबर दारूचाही इलाज करा. दोन्ही एकाच वेळी.

काय सांगायचं, काय करायचं

डॉक्टरला चार गोष्टी सांगा. काय पितो, रोज किती पितो, शेवटचा घोट किती वाजता घेतला, आणि याआधी दारू तुटल्यावर थरथर, फिट किंवा भ्रम झाला होता का. तंबाखू-बिडीचंही सांगा, कारण बिडी-सिगारेटही हाड जुळण्यात अडथळा आणते. घरात बोलायला जड जात असेल तर कागदावर लिहून सिस्टरच्या हातात द्या.

आपलं पिणं कितपत गेलंय हे ज्याचं त्याला पाहायचं असेल, तर डॉक्टर वापरतात ते चार साधे प्रश्न स्वतःला विचारा. कमी करावी असं कधी मनात आलं का? कोणी पिण्यावरून बोललं तर राग येतो का? प्याल्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दोन प्रश्नांना ‘हो’ आलं तर डॉक्टरला भेटायची वेळ झाली असं समजा.

मदत कुठे मिळते? व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा देशपातळीवरचा मोफत फोन आहे. मनाच्या आजारासाठी १४४१६ हा ‘टेली मानस’चा फोन आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतं आहे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे चौकशी करा. आशाताईंना विचारा, त्यांना वाट माहीत असते.

घरी आल्यानंतरचे तीन-चार महिने सगळ्यात नाजूक. सोबतीची मंडळी ‘पाय कसा आहे’ म्हणत येतात आणि खिशात चपटी घेऊन येतात. अशा वेळी घरातल्या कर्त्या माणसानं दारातच सांगावं, ‘बसा, चहा घ्या, पण ते आत आणू नका.’ वाईटपणा आला तरी चालेल. आणि पुन्हा प्याला तरी लपवू नका. पुढच्या तारखेला डॉक्टरला सांगा. व्यसन एका झटक्यात सुटत नाही, घसरणं होतं, म्हणून इलाज सोडायचा नसतो.

ऑपरेशन ही माणसाला थांबायची मिळालेली एक संधी असते. खाटेवर पडलेला, दुखणं सोसलेला, घराची धावपळ पाहिलेला माणूस त्या आठवड्यात ऐकायच्या मनःस्थितीत असतो. एरवी वर्षभर सांगून ऐकत नाही. तेव्हा पुढच्या वेळी दाखल करताना तो प्रश्न विचारला गेला, की ‘कधीतरी’ म्हणू नका. ‘रोज घेतो साहेब, एवढी घेतो, आणि आता बंद करायची आहे’ असं सांगा. पाय वाचेल, आणि कदाचित घरही.